परबकाका चौकशीला गेलेत

परबकाकांसमोर कोणाचं कौतुक करू नये. करायचंच असेल तर तयारीने करावं. तुम्ही आपलं सहज म्हणालात, "आमचा दूधवाला फार चांगला हो," की काका चष्मा कपाळावर सरकवतात, तुमची कीव आल्यासारखं बघतात आणि विचारतात, "भांडण झालं काय त्याच्याशी?"

नाही म्हणालात की तुमची साक्ष बाद. "मग तुमका काय म्हायत नाय," एवढं बोलून ते चष्मा परत नाकावर आणतात.

त्यांचं म्हणणं असं की गोडीत असताना सगळेच गोड असतात. भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस दारात येतो की तोंड चुकवतो, तिथे खरा माणूस दिसतो. ऐकायला बरं वाटतं. पण या तत्त्वापायी काकांनी एक चांगली दाढ घालवली आहे. त्यांची दाढ दुखत होती तेव्हा मी माझा दाताचा डॉक्टर सुचवला. दहा वर्षं जाते मी त्याच्याकडे, कधी चकार शब्द बोलायची वेळ आली नाही. झालं, तो डॉक्टर कटाप. काका शोधून शोधून अशा एकाकडे गेले ज्याच्याशी अर्धं मुलुंड भांडलं होतं. त्याने दुखरी सोडून शेजारची काढली. मी चिडले, तर काका गाल धरून म्हणतात, "पण वहिनी, दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला त्याने. माफी मागितली. दुसरी फुकट काढली." आता या माणसाशी काय बोलायचं?

माझ्या भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हाही ते माझ्या नकळत मुलाच्या बिल्डिंगखाली जाऊन वॉचमनला विचारून आले, की हा मुलगा कोणाशी भांडतो का. वॉचमन म्हणाला, नाही, फार शांत आहे. काकांनी येऊन मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "स्थळ संशयास्पद आहे." लग्न झालं, सुखात आहेत दोघं. काका अजून म्हणतात, बघूया.

सगळी सोसायटी त्यांना परबकाका म्हणते. माझ्या सासूबाईसुद्धा म्हणतात, आणि त्या काकांपेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. काका स्वतः वीज कंपनीत मीटर रीडर होते, रिटायर झाल्यावर आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायला आले. लग्न केलं नाही. आई होती, तिचं सगळं केलं, ती गेली. आता एकटेच असतात. अंगात बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत नोकरीतली जुनी बॅटरी. कुठल्याही घरात शिरले की आधी मान वर करून छत बघतात, मग घरातल्या माणसांकडे. मीटर नेहमी वर कुठेतरी टांगलेला असायचा, त्याची सवय, असं ते म्हणतात.

तर आमच्या छताची गोष्ट.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची आणि मी चौथ्यावर. गच्ची गळते. गळते म्हणजे माझ्या घरात गळते, बाकीच्यांना ती बातमी असते. मागच्या पावसाळ्यात सासूबाईंच्या उशीशेजारी प्लास्टरचा हा एवढा पोपडा पडला. एक वीत इकडे पडला असता तर मी आज हे गमतीने लिहीत बसले नसते. सासूबाई त्र्याऐंशीच्या. त्यांना म्हटलं, हॉलमध्ये झोपा. तर नाही. त्यांना खिडकीजवळचा तोच कोपरा हवा, तिथून रस्त्यावरची भाजीवाली दिसते आणि वरूनच भाव करता येतो. मग काय, पूर्ण पावसाळा पलंगाभोवती बादल्या, पलंगावर प्लास्टिक, आणि मी रात्री उठून उठून वर बघतेय.

यंदा मी ठरवलं, बस. योगायोगाने सेक्रेटरीही मीच होते. सेक्रेटरी कशी झाले म्हणाल तर मीटिंगला उशिरा पोचले. आमच्याकडे जो हजर नसतो त्यालाच निवडतात. होळीनंतरच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडला: गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची आणि शेडवर सोलार बसवायचं. गळती बंद आणि जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप उन्हावर चालणार. एक कंत्राटदार दोन्ही कामं करत होता. त्याचं नाव राजेश. आडनाव सांगत नाही, अजून त्याच्याकडून एक नळी बदलून घ्यायची आहे. नेटवर त्याला साडेचार स्टार होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"तारे रात्री बघायचे," मागून परबकाका म्हणाले. "माणूस दिवसा बघायचा. याने जिथे कामं केली, तिथे जाऊन आलं पाहिजे. लोकांना विचारलं पाहिजे."

लोक लगेच हो म्हणाले. आमच्या सोसायटीत एखादं काम दुसरा कोणी करणार असेल तर त्याला कधीच विरोध होत नाही. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. याआधी एका पत्रेवाल्याने आम्हाला चांगलंच गंडवलं होतं. राजेशने म्हणे आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं फोनवर काकांना सांगितली आणि काका निघाले. तेव्हापासून खाली वॉचमनला विचारलं, काका कुठे, की उत्तर एकच, "चौकशीला गेलेत."

पहिली चौकशी भांडुपची. टेकडीवरच्या एका बैठ्या घराला राजेशने पत्रे घातले होते. काका संध्याकाळी आले ते खुशीत. "वहिनी, भांडण झालंय," जिन्यातूनच ओरडले. त्या घरच्या बाईने सांगितलं होतं की एका खिळ्यातून पाणी आलं, तिने राजेशला फोनवर आईवरून शिवी दिली, आणि तो रविवारी एकटा शिडी घेऊन आला, शिवीबद्दल एक शब्द बोलला नाही, खिळा बदलून गेला. काकांच्या दृष्टीने यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

दुसरी बोरिवलीची. मोठी सोसायटी, टॉवर, लिफ्टमध्ये आरसा. तिथल्या सेक्रेटरीने राजेशच्या सोलारची इतकी स्तुती केली की काकांना घामच फुटला. भांडण? छे हो, कधीच नाही, एकदम स्मूथ. काकांनी विचारलं, गच्चीवर जाऊ का? चावी शोधण्यात अर्धा तास गेला. वर जाऊन बघतात तो पॅनेलांवर कबुतरांची वसाहत. काच दिसेना. धुणारं कोणी नाही, कारण आपल्याला धुवायचं असतं हेच कोणाला ठाऊक नाही. "भांडण कसं होणार?" काका मला म्हणाले. "भांडायला आधी वर जावं लागतं ना."

हे सगळं छान चाललं होतं. पण एप्रिल सरत आला तरी काकांचा अहवाल येईना. राजेशचा मला फोन, "मॅडम, हां की ना सांगा, मे महिन्याच्या तारखा भरत चालल्यात. नंतर पावसात मी वर चढणार नाही." मी काकांना गाठलं. ते म्हणाले, "एक जागा बाकी आहे. घाटकोपर."

"मग जाऊन या."

"जाऊन आलोय. पण अजून पुरतं विचारून झालेलं नाही."

आठवडा गेला. काका चौकशीला. कुठे? घाटकोपर. परत आठवडा गेला. कुठे? घाटकोपर. मी म्हटलं, हा काय प्रकार आहे? एका गिऱ्हाइकाला विचारून विचारून विचारणार किती? बरं, जाताना इस्त्रीचा शर्ट. एकदा तर हातात आमच्या नाक्यावरच्या खमणची पुडी. चौकशीला जाणारा माणूस खमण घेऊन जातो, हे मी तरी ऐकलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बाई असेल गं कोणीतरी." मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. पण खरं सांगते, माझ्याही मनात आलं. आणि आलं तसं मला रागाबरोबर भयंकर कुतूहल वाटायला लागलं. इकडे माझ्या म्हातारीच्या डोक्यावर छत पडायला आलंय आणि हे तिकडे गुण उधळतायत, तर निदान बघू तरी दे कोण आहे ती.

"मीपण येते घाटकोपरला," मी जाहीर केलं. "सेक्रेटरी म्हणून."

काकांचा चेहरा उतरला. पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

जाण्याआधी त्यांनी मला वर्सोव्याला नेलं, बहुतेक माझा राग निवावा म्हणून. तिथे कोळीवाड्यात एका मासेवालीच्या अंगणावर राजेशने शेड टाकली होती, काका तिथे आधीच एकदा जाऊन आले होते. ती पाटावर बसून बोंबील साफ करत होती. काकांनी आधी शेड बघितली, मग मी ऐकावं म्हणून तिला परत तोच प्रश्न टाकला, भांडण झालं काय.

"झालं ना," ती विळीवरून मान न उचलता म्हणाली. "असं भांडले मी, की बर्फवाला गाडी सोडून बघायला आला. उतार उलटा दिला होता रे मेल्याने. पाणी सगळं माझ्या टोपल्यांवर. मी सांगितलं, काढ सगळं, नाहीतर तुला इथंच सुकत घालते बोंबलांबरोबर. काढलं त्याने. परत लावलं. तुला काय करायचंय, बाय? तुझ्याकडे लावतोय तो? मग उताराला तू स्वतः उभी राहा."

मला त्या बाईचं म्हणणं काकांच्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा पटलं. मी म्हटलं, काका, झालं ना आता? द्या रिपोर्ट. ते म्हणाले, "घाटकोपर बाकी आहे." आणि आम्ही बसमध्ये बसलो.

घाटकोपरची ती बिल्डिंग सात मजल्यांची. काकांनी लिफ्टकडे बघितलंच नाही, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेले आणि घंटी वाजवली. दार इतक्या चटकन उघडलं की आतला माणूस दारामागेच उभा असावा. पांढरा लेंगा-सदरा घातलेले, बारीक चणीचे, पंच्याहत्तरीचे एक गुजराती गृहस्थ.

"आवो परबभाई, आवो. आज तर बेनला पण आणलं? बसा ना बेन, बसा."

म्हणजे बाई नव्हती. जयंतीभाई होते. त्यांचं पूर्वी बटणांचं दुकान होतं. घरात मुलगा, सून, नातवंडं, सगळी आहेत, पण सकाळी नवाला जी जातात ती रात्रीच येतात. टीपॉयवर चहाचे कप आधीच मांडलेले होते, एक खुर्ची खिडकीसमोर ओढून ठेवलेली. काका त्या खुर्चीत जाऊन बसले, पिशवी नेहमीच्या जागी टेकवली. मी शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, पोरांच्या जागा ठरलेल्या असतात ते मला लगेच कळतं.

मग चौकशी सुरू झाली. काका म्हणाले, "मग जयंतीभाई, राजेशच्या कामाचं काय म्हणत होतात?"

"राजेश ना? बहु सारो छोकरो," जयंतीभाई म्हणाले. "टायमावर येते. काम एकदम साफ."

"आणि भांडण?"

"भांडण..." जयंतीभाईंनी विचार केला. "गेल्या टायमाला काय सांगितला मी?"

"गेल्या वेळी म्हणालात थोडं झालं होतं."

"हां. थोडा झाला होता."

आणि तेवढ्यावर राजेश संपला. पुढचा तासभर दोघं बोलत होते ते बटणांबद्दल. पूर्वी सदऱ्याची बटणं शिंपल्यांची यायची, ती कुठून यायची, मालवणच्या खाडीत तसले शिंपले मिळतात का, काकांच्या आईने पोलक्याला कसली बटणं लावली होती. काका हसत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण असे खांदे हलवून हसताना पहिल्यांदाच बघितले. मी चहा पीत बसले होते आणि मान आपोआप वर गेली, काकांच्या संगतीचा परिणाम. छत कोरडं, पांढरंशुभ्र, मधोमध पंखा. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा दुसरा मजला आहे. या माणसाच्या डोक्यावर पाच मजले आहेत. याने राजेशकडून पत्रे घालून घेतले कुठे, पंख्यावर?

खाली उतरेपर्यंत मी दम धरला. रस्त्यावर आल्या आल्या म्हटलं, "काका, हा राजेशचा गिऱ्हाईकच नाही."

काका बसस्टॉपकडे चालायला लागले.

"तुम्ही चुकीच्या घरी जाताय. घाटकोपरमध्ये जयंतीभाई म्हणून हाक मारली तर चार खिडक्या उघडतात. राजेशचा जयंतीभाई वेगळाच कोणीतरी असणार."

"पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे. सातव्या मजल्यावर," काका म्हणाले. "त्याच्याकडे जाऊन आलो मी. त्याच आठवड्यात. भांडण झालंय, काम चांगलं आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. आत शिरलो, वर बघितलं, आणि कळलं."

मग मात्र माझा तोल गेला. भर रस्त्यात मी त्यांना झापलं. म्हटलं, तिकडे माझी सासू प्लास्टिकखाली झोपायच्या तयारीत आहे, राजेश तारखा दुसऱ्याला देतोय, आणि तुम्ही इथे बटणांच्या गप्पा मारताय? सगळं कळूनसुद्धा? काही वाटत नाही तुम्हाला?

काका बसस्टॉपच्या कठड्याला टेकून उभे राहिले. बराच वेळ पिशवीचा बंद सारखा करत होते.

"वहिनी, मी लाखभर दारं वाजवली असतील," ते म्हणाले. "नोकरीच होती ती. दार उघडायचं, बाई म्हणायची, मीटर बाहेर जिन्यात, वर आहे. की बंद. कोणाची चूक नाही. मी मीटरवाला, मला घरात कशाला घेतील? त्या दिवशी चुकीची बेल वाजवली. म्हटलं, जयंतीभाई काय? राजेशच्या कामाची चौकशी करायची होती. तर त्यांनी विचारलं नाही कोण राजेश. म्हणाले, आत या. आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली." त्यांनी बस येते का बघितलं. "मी वर बघितलं आणि कळलं चूक झाली. सांगणार होतो. पण ते तोवर चहा ठेवायला आत गेले होते."

मी म्हटलं, "मग जा ना त्यांच्याकडे. कोण नको म्हणतंय? रिपोर्ट द्या आणि तसेच जात राहा. त्याला राजेश कशाला हवा?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पोहत दुबईला जायला सांगितलं. "असंच? काय सांगून जाऊ? कामाशिवाय कोणाच्या दारात कधी उभा राहिलो नाही मी. माका जमूचा नाय ता."

बस आली. मुलुंडला उतरताना काका म्हणाले, "उद्या मीटिंग लावा. म्हातारीच्या डोक्यावर छत आधी."

दुसऱ्या दिवशी काकांनी अहवाल दिला, उभं राहून, खणखणीत. राजेशला काम द्यावं. जमेची बाजू: भांडल्यावर येतो. उणीव: उतारात चुकतो, पॅनेल धुवायला शिकवत नाही. शिफारस: उताराच्या वेळी वहिनींनी स्वतः उभं राहावं. कोणीतरी विचारलं, घाटकोपरचं काय झालं? काका म्हणाले, "चौकशी पुरी झाली." मला त्या वेळी खूप वाईट वाटलं. माझ्या सासूच्या उशीसाठी त्या माणसाने आपली खुर्ची सोडली होती, आणि हे त्या हॉलमध्ये मला एकटीलाच ठाऊक होतं.

काम झालं. मी उताराला उभी राहिले, राजेशने उतार चुकवलाच, मी अशी भांडले की समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. दुसऱ्या सकाळी तो शिडी घेऊन हजर. मे संपायच्या आत शेड उभी राहिली, जूनमध्ये पाऊस धोधो कोसळला आणि सासूबाईंच्या पलंगाभोवती एक बादली लागली नाही. त्या आता तक्रार करतात की टपटप नसल्यामुळे झोप येत नाही. म्हटलं, आई, तुम्हाला पण भांडायला काहीतरी लागतंच.

परबकाका मात्र मलूल झाले. सोलार धुवायला आठवड्यातून एकदा वर जायचे, बाकी वेळ खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभे. इस्त्रीचा शर्ट दिसेना. मी दोनदा म्हटलं, काका, घाटकोपरला चक्कर मारून या. "काम काय काढू?" म्हणायचे. मी म्हटलं, खमण द्यायला आलो म्हणा. तर म्हणाले, खमण घाटकोपरला काय कमी मिळतो? वाद घालायला सोय नव्हती. मी सांगितलं, बरं, फोन तरी करा. नंबर कधी मागितलाच नव्हता यांनी. चौकशी करणारा माणूस.

श्रावणातली एक सकाळ. पाऊस थांबला होता. मी भाजी घेऊन येत होते, तर गेटशी रिक्षा थांबली आणि आतून जयंतीभाई उतरले. पांढरा सदरा, हातात छत्री. एकटेच. बिल्डिंगचं नाव वाचत होते. मला बघून हात जोडले.

"बेन, तुमी सेक्रेटरी ना? बरा झाला तुमी भेटल्या. परबभाईने सांगितला होता, इस्टेशनच्या पूर्वेला, पिवळी बिल्डिंग. मी चौकशीला आलो."

"कसली चौकशी?"

"राजेशची," ते म्हणाले. "तुमच्याकडे काम केला ना त्याने? कसा केला? मला पण करायचा आहे. छत."

मी त्यांच्याकडे बघितलं. डोक्यावर पाच मजले असलेला माणूस मुलुंडला रिक्षाने छताची चौकशी करायला आला होता. माझ्या तोंडावर आलं होतं, की जयंतीभाई, तुम्हाला छत कसलं? सगळा जन्म वर्गात पोरांची खोटी कारणं पकडण्यात गेला माझा. पण त्यांच्या छत्रीची मूठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती की मी तोंड मिटलं. म्हणजे यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एवढे दिवस दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते.

"माझ्यापेक्षा परबकाकांना जास्त माहिती आहे," मी म्हटलं. "चला, पहिल्या मजल्यावर."

काकांनी दार उघडलं, बनियनवर होते. जयंतीभाई म्हणाले, "राजेशचं विचारायला आलो." आणि काका म्हणाले, "विचारा ना. या. आत या." मी वर निघून आले. आता तिथे माझं काही काम नव्हतं.

दहाएक मिनिटांनी माझी बेल वाजली. दारात काका, अंगात घाईघाईत चढवलेला शर्ट, एक बटण चुकलेलं. हातात रिकामं पातेलं.

"वहिनी, दूध असेल काय थोडं?" त्यांनी विचारलं, आणि मग जरा आवाज चढवून, म्हणजे आत सासूबाईंनाही ऐकू जावं अशा बेताने म्हणाले, "माझ्याकडे पाहुणे आलेत."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी पटकन आत वळले आणि फ्रीजमधली अख्खी पिशवीच आणून त्यांच्या पातेल्यात ठेवली.

"एवढं कशाला?" काका म्हणाले. "दोन कप चहाला?"

"न्या," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा ठेवावा लागेल."